दातांचा रंग काय सांगतो?

1994 साली माझी बदली यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यातल्या एका ग्रामीण शाखेत झाली. सांगलीला कृष्णेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला तो मुलूख सर्वस्वी नवा होता. काळी कपाशीची जमीन, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारा पारा आणि पिण्याच्या पाण्यासाठी गावोगावी हातपंपाचाच आधार. त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली म्हशी, बैलजोड्या, शिलाई यंत्रे यांसाठी कर्जे दिली जात. अर्जदाराला समक्ष भेटून त्याच्याविषयी दोन ओळींचा अभिप्राय लिहावा लागे, आणि मगच प्रकरण पुढे सरके.

एका विशीतल्या तरुणाने म्हशीसाठी अर्ज केला होता. बोलणे नम्र, घर नीटनेटके. पण तो हसला आणि त्याच्या पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे दिसले. मी अभिप्रायात लिहिले, "तंबाखूचे व्यसन असावे. परतफेडीविषयी खात्री वाटत नाही." प्रकरण मागे पडले.

काही दिवसांनी गावच्या शाळेचे गुरुजी शाखेत आले. ते म्हणाले, "साहेब, त्या पोराने जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही. शनिवारी जरा शाळेत येऊन जा." मी गेलो. गुरुजींनी चौथीच्या वर्गाला हसायला सांगितले. नऊ-दहा वर्षांची पंचवीस-तीस मुले खुदकन हसली आणि माझ्या पोटात कालवले. बहुतेकांचे दात तसेच होते. कोणाचे खडूसारखे पांढुरके, कोणाचे पिवळे, कोणाच्या दातांवर तपकिरी रेघा. शाळेच्या अंगणात हातपंप होता. 1972 च्या दुष्काळानंतर तो बसवला गेला होता. "या पोराचा जन्म हातपंपानंतरचा," गुरुजी म्हणाले, "त्याच्या थोरल्या भावाचे बालपण नाल्याच्या पाण्यावर गेले. त्याचे दात बघा, मोत्यासारखे आहेत."

मी अभिप्राय रद्द केला, कर्ज मंजूर झाले, परंतु त्या घरात म्हैस तीन महिने उशिरा आली. तो तरुण मला कधी काही बोलला नाही. हप्ते मात्र त्याने एकही न चुकवता भरले.

दातांच्या रंगाविषयी वाचण्याची, डॉक्टरांना विचारण्याची सवय मला तेव्हापासून लागली. मी वैद्यकीय मनुष्य नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला निवृत्त अधिकारी. तरीही या विषयात आपल्या घराघरांत इतके गैरसमज आहेत, आणि त्यांपैकी एक माझ्या स्वतःच्या घरात इतका महाग पडला, की लिहावेसे वाटले.

मुळात निरोगी दात शुभ्र पांढरा नसतोच. दाताचे वरचे आवरण म्हणजे दंतवल्क, ज्याला डॉक्टर एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असलेले हे आवरण काहीसे पारदर्शक असते. त्याच्या आत दंतिन, म्हणजे डेंटीन असते आणि त्याचा रंग स्वभावतःच पिवळसर. वरच्या काचेतून आतला पिवळा रंग दिसतो, तोच आपल्या दातांचा रंग. वय वाढते तसे दंतवल्क झिजून पातळ होते आणि आतले दंतिन जाड होत जाते. म्हणून साठीतले दात विशीतल्यापेक्षा पिवळे दिसतात. हा रोग नव्हे. ताळेबंदाच्या भाषेत सांगायचे तर हा घसारा आहे. मात्र यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद करून नवे यंत्र घेता येते. दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येण्याच्या सुमारासच नाहीशा होतात, त्यामुळे झिजलेले दंतवल्क शरीर पुन्हा तयार करीत नाही. लाळेतील क्षार थोडीफार डागडुजी करतात, इतकेच. पुढे उपचारांविषयी जे सांगणार आहे, ते वाचताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

सातव्या-आठव्या वर्षी मुलांचे पक्के दात येऊ लागले की ते शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा पिवळे दिसतात, आणि आया घाबरतात. दुधाचे दात अधिक पांढरे असतात म्हणून तो फरक जाणवतो. दुधाचे दात पडून गेले की तुलनाही संपते.

आता रंग बदलण्याची कारणे. ती ढोबळमानाने दोन जातींची. एक, बाहेरून बसणारे डाग. दुसरे, दात घडत असताना किंवा नंतर आतूनच झालेला बदल. हा भेद समजून घेतला नाही तर पैसा वाया जातो आणि क्वचित दातही जातो. त्या तरुणाच्या बाबतीत माझी चूक हीच झाली होती. आतला डाग मी बाहेरचा समजलो. वास्तविक ओळखणे फारसे अवघड नाही. तंबाखूचे डाग हिरडीच्या कडेला, दातांच्या फटींत आणि आतल्या, जिभेकडच्या बाजूस अधिक साचतात. पाण्याचे डाग दाताच्या दर्शनी भागावर आडव्या रेघांनी उमटतात, आणि डाव्या बाजूच्या दातावर जसे, तसेच उजव्या बाजूच्या जोडीदारावर.

या पाण्याच्या डागांची कथा मोठी रंजक आहे. 1901 साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी आला. तेथे जन्मलेल्या पुष्कळ लोकांच्या दातांवर चॉकलेटी डाग होते. गावकरी त्याचा दोष कधी डुकराच्या मांसाला देत, तर कधी निकृष्ट दुधाला. मॅकेने त्या काळचे नामांकित दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक यांना गावात बोलावले, तीस वर्षे चिकाटीने नोंदी ठेवल्या, आणि दोष पाण्यात आहे इथवर तो पोहोचला. पण पाण्यात नेमके काय, हे त्याला सापडेना. ते सापडले 1931 मध्ये, आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट नावाच्या गावी. तेथे एका ॲल्युमिनियम कंपनीची वसाहत होती, आणि मुलांचे दात डागाळण्यास आमचे ॲल्युमिनियम कारणीभूत आहे असा बोभाटा होऊ नये म्हणून कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाण्याचे बारकाईने पृथक्करण केले. ॲल्युमिनियम निर्दोष ठरले. पाण्यात आढळले फ्लोराइड. धंद्याची अब्रू राखण्यासाठी केलेल्या तपासणीतून जगाला एक सत्य कळले, हे आपल्यासारख्या व्यापारी समाजाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या देशात फार उशीर झाला नव्हता. 1937 मध्येच तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून फ्लोराइडच्या विकाराचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेथे तर दातांपुरते न थांबता ते हाडांपर्यंत गेले होते. फ्लोराइड खडकातील खनिजांतून भूजलात उतरते; म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल विंधन विहिरीत त्याचे प्रमाण पुष्कळदा अधिक असते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांचे काही भाग त्यासाठी परिचित आहेत. दुष्काळात ज्या हातपंपांनी लोकांना तारले, त्यांतल्या काहींनी पुढच्या पिढीच्या दातांवर आपली सही ठेवली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. अल्प प्रमाणात फ्लोराइड दात किडण्यापासून वाचवते, म्हणून तर ते टूथपेस्टमध्ये घालतात. प्रमाण वाढले की तेच दात घडवणाऱ्या पेशींच्या कामात बिघाड करते.

आणि हा बिघाड कधी होतो? जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत, म्हणजे पुढचे पक्के दात हिरडीच्या आत घडत असताना. मोठेपणी तशा गावात राहायला गेल्याने दातांवर हे डाग उमटत नाहीत. डाग दिसतात तेव्हा चूक होऊन काही वर्षे लोटलेली असतात.

येथे माझी स्वतःची गोष्ट येते. माझ्या त्या बदलीच्या काळातच धाकट्या बहिणीला त्याच जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, किराणा व्यापार करणाऱ्या घरी स्थळ आले आणि 1995 साली तिचे लग्न झाले. माणसे उत्तम, धर्मपरायण. पुढच्या वर्षी भाचा झाला. बारशाला गेलो तेव्हा परसातली विंधन विहीर पाहून मला शाळेतली मुले आठवली. मी मेहुण्यांना विचारले, पाणी कसले वापरता? ते हसून म्हणाले, "दादा, काळजी नको. आमच्याकडे पाणी गाळून, उकळून, गार केल्याशिवाय कोणी थेंब घेत नाही." माझे समाधान झाले. आपल्याच संस्कारातले उत्तर होते ते! आणखी काही विचारणे म्हणजे बहिणीच्या सासरच्या पाण्याला नाव ठेवणे, असेही मनात आले.

गाळून आणि उकळून पाणी पिण्याचा आपला आचार उत्तमच आहे. त्यामागील अहिंसेचा विचार आहेच, आणि उकळल्याने रोगजंतूही नष्ट होतात. परंतु फ्लोराइड हा विरघळलेला क्षार. तो फडक्याने गाळला जात नाही आणि उकळल्याने उडून जात नाही. उलट पाण्याची वाफ होऊन जितके पाणी आटते, तितके उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. ही साधी गोष्ट मला त्या दिवशी ठाऊक नव्हती, आणि मी कोणाला विचारलीही नाही. भाच्याच्या पाठीवर तीन वर्षांनी भाची झाली. दोघांचेही पुढचे दात आले ते तपकिरी पट्टे घेऊनच. नंतर केव्हातरी पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिला, तेव्हा फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले.

फ्लोराइड काढण्याचे मार्ग आहेत. घरगुती आरओ यंत्र ते बऱ्याच अंशी काढते. सक्रिय ॲल्युमिनाचे गाळणही काढते. तुरटी आणि चुना वापरून गावपातळीवर पाणी शुद्ध करण्याची 'नालगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनेच विकसित केली आहे. आणि सर्वांत जुना मार्ग म्हणजे छपरावरचे पावसाचे पाणी साठवणे. त्यात खडकाचा संबंधच येत नाही. ज्यांची दुकाने वा शेती अशा भागात आहे, त्यांनी घरात बाळ येण्याआधी पाणी एकदा तपासून घ्यावे. जिल्हा व तालुका पातळीवरील भूजल प्रयोगशाळांत ही सोय असते.

आतून रंग बदलण्याची इतर कारणे थोडक्यात सांगतो. टेट्रासायक्लिन जातीची प्रतिजैविके गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईला किंवा आठ वर्षांखालील मुलाला दिली गेली, तर औषध घडत्या दातातील कॅल्शियमशी जोडले जाते. दात पिवळे येतात आणि उजेड लागून हळूहळू करडे-तपकिरी होतात. मागच्या पिढीत ही औषधे मुलांना सर्रास दिली जात. आता डॉक्टर टाळतात. एकच दात काळवंडला असेल तर बहुधा मार लागल्याचा इतिहास असतो. दातातील नस मरते, रक्त आतल्या नलिकांत उतरते आणि दात करडा पडतो. क्रिकेटचा चेंडू, पायरीवरून पडणे, हे मूल विसरून जाते; दात दहा वर्षांनी सांगतो. असा दात दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नये, कारण मुळाशी पू साचत असू शकतो. जुन्या चांदीच्या भरणामुळेही दात करडा दिसतो. आणि कीड तर आहेच. फटीतला काळा ठिपका डाग समजून घासत बसणारे लोक मी पाहिले आहेत.

आता बाहेरच्या डागांकडे वळू. येथे आपल्या समाजाविषयी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत गल्ल्यावर बसणारा माणूस दिवसाला किती चहा पितो, हे त्याने स्वतः कधी मोजलेले नसते. गिऱ्हाईक आले की चहा, एजंट आला की चहा, वसुलीचा माणूस आला की त्यालाही चहा आणि त्याच्यासोबत आपल्यालाही. चहातील टॅनिन दातावरच्या पातळ थरात जाऊन बसते. हे डाग निरुपद्रवी, आणि साफ करून घेता येतात. चहानंतर पाण्याने खळखळून चूळ भरली तरी पुष्कळ फरक पडतो. आमच्या बँकेतही वेगळे चित्र नव्हते, म्हणून कोणाला नावे ठेवीत नाही. दात काढल्यावर डॉक्टर देतात ते क्लोरहेक्सिडीनचे गुळणीचे औषध आठवडे न् आठवडे वापरले, तरी तपकिरी थर चढतो. मुलांच्या लोहाच्या पातळ औषधाने दात काळे दिसतात. हे दोन्ही डाग दंतवैद्याच्या सफाईने निघतात.

सुपारी, तंबाखू, गुटखा, मिश्री यांचे तसे नाही. महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास 1992 पासून देशभर मनाई आहे. तरीही मिश्री घरोघरी भाजली जाते, आणि ती लावणाऱ्या आज्या-काकू आपल्याही नात्यांत आहेत. "मी तंबाखू खात नाही, दात घासते," असे त्या म्हणतात. आपली मंडळी तंबाखू नको म्हणून 'नुसती सुपारी' खातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. लग्नाच्या पंगतीनंतर तबकात सुपारी फिरवताना हे कोणाच्या मनात येते का?

माझ्या एका चुलत बंधूंची हकीकत सांगतो. नातवाच्या लग्नात फोटो चांगले यावेत म्हणून ते दात 'पांढरे करून घ्यायला' दंतवैद्याकडे गेले. चाळीस वर्षांची सुपारी. डॉक्टरांनी दातांकडे पाहिले आणि मग आरशाने गाल बाजूला करून बराच वेळ आत पाहत राहिले. गालाच्या आतल्या बाजूस पुसता न येणारा पांढरा चट्टा होता. त्यांनी सफाईचे नाव काढले नाही. आधी तुकडा तपासायला पाठवला. चट्टा कर्करोगपूर्व अवस्थेतला निघाला, वेळेवर काढला गेला, आणि बंधू आज ठीक आहेत. डाग डोळ्यांना दिसतात, चट्टा दिसत नाही. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, आपलीच तीन बोटे उभी करून दातांमध्ये जात नसतील, तिखट अकारण झोंबत असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर रंगाची चिंता बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उपचारांची पहिली पायरी म्हणजे दातांची सफाई, स्केलिंग. दातांवर साचून कडक झालेले कीटण ब्रशने निघत नाही. ते कंप पावणाऱ्या बारीक उपकरणाने काढतात. "सफाई केली की दात हलतात, फटी पडतात," ही समजूत माझीही होती, आणि तिच्यापायी मी पन्नाशीपर्यंत डॉक्टरांची पायरी चढलो नाही. खरे असे, की फटी आधीच असतात आणि त्यांत कीटण भरलेले असते. भिंतीतला पोपडा काढल्यावर भेग दिसली, तर पोपडा काढणाऱ्याला दोष देण्यासारखे ते आहे. हिरड्या कीटणामुळेच मागे सरतात आणि दात त्यामुळेच सैल होतात. पुष्कळांना सफाईनंतर इतका फरक दिसतो, की पुढच्या उपचारांची गरजच उरत नाही.

घरगुती उपायांविषयी मला फार काळजी वाटते. लिंबू आणि खाण्याचा सोडा, कोळशाची पूड, राखुंडी, लाल दंतमंजन, मीठ! मकराण्याच्या फरशीवर लिंबू पिळले तर काय होते, हे आपल्यापैकी घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चकाकी जाते आणि पुन्हा येत नाही. दंतवल्कही खनिजच आहे. आम्लात ते विरघळते. लिंबू चोळल्यावर दोन दिवस दात पांढरे भासतात, कारण वरचा थर गेलेला असतो. कोळसा, राख आणि गेरूमिश्रित मंजन ही खरवडणारी द्रव्ये. रोज घासली की दंतवल्क पातळ होते, आतले पिवळे दंतिन अधिक दिसू लागते, मग माणूस अधिक जोराने घासतो. टूथपेस्ट घेताना आपण हिरवा ठिपका पाहतो, ते योग्यच. पण तो ठिपका घटकांचा उगम सांगतो, खरखरीतपणा सांगत नाही. मऊ ब्रश आणि साधी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरेशी आहे. लहान मुलांना मात्र पेस्ट वाटाण्याएवढीच द्यावी आणि थुंकायला शिकवावे. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांनी शेवटच्या जेवणानंतर, नियम घेण्यापूर्वीच दात घासून घ्यावेत. कारण रात्री लाळ कमी होते आणि अडकलेले अन्न बारा तास तसेच राहते.

दात उजळवणे, ज्याला ब्लीचिंग म्हणतात, ते हायड्रोजन पेरॉक्साइडने होते. ते दंतवल्कातून आत शिरून रंगद्रव्यांचे विघटन करते. दवाखान्यात तीव्र द्रावण तासाभरासाठी लावतात. किंवा डॉक्टर दातांच्या मापाचा पातळ साचा करून देतात आणि त्यात सौम्य जेल घालून तो रात्री लावायचा असतो. ही दुसरी पद्धत 1989 पासून प्रचारात आहे आणि तिच्यासाठी सहसा 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. वयामुळे आलेला पिवळेपणा आणि चहाचे मुरलेले डाग यांवर ती चांगली चालते. टेट्रासायक्लिनच्या करड्या दातांना महिने लागतात. टोपी बसवलेला दात किंवा भरण यांचा रंग मात्र मुळीच बदलत नाही, त्यामुळे आजूबाजूचे दात उजळले की जुनी टोपी उठून दिसते. उपचारानंतर काही दिवस दात थंडाने ठणकतात. गरोदरपणी आणि लहान मुलांना हा उपचार देत नाहीत. ब्यूटी पार्लरमध्ये तर तो करूनच घेऊ नये. जो माणूस आधी कीड आणि हिरड्या तपासू शकत नाही, त्याच्या हाती पेरॉक्साइड देणे धोक्याचे आहे. मार लागून काळा पडलेला दात असेल, तर नसेचा उपचार करून दाताच्या आतून ब्लीच करता येते. एका दातासाठी तो फार समाधानकारक उपाय आहे.

आता भाचीची गोष्ट पूर्ण करतो. ती फार्मसीची पदवीधर, आणि बोलण्यात माझ्यापेक्षा चोख. स्थळे पाहू लागलो तेव्हा फोटो स्टुडिओवाल्याने विचारण्याआधीच तिचे दात पांढरे करून दिले. एका घरी पाहुण्यांपैकी एका बाईंनी हळूच बहिणीला विचारले, "मुलगी मिश्री लावते का?" तीस वर्षांपूर्वी मी जो शेरा कागदावर लिहिला होता, तोच माझ्या भाचीवर मारला गेला. तिच्या भावाचे दात तसेच. त्याच्या लग्नात मात्र कोणी काही विचारले नव्हते.

मग घाईघाईने आम्ही तिला एका मोठ्या शहरातील दवाखान्यात नेले. तेथे वरचे-खालचे मिळून बारा दात घासून लहान करून त्यांवर टोप्या बसवण्याचा सल्ला मिळाला. सोबत रंगीत पुस्तिका, आणि बिनव्याजी हप्त्यांची सोय. बिनव्याजी हप्ता म्हणजे व्याज कोठेतरी किमतीत दडवलेले असते, हे सांगायला मला एम.कॉम. व्हावे लागले नसते. पण माझे लक्ष हप्त्यापेक्षा त्या 'घासून लहान करून' या शब्दांकडे गेले. पंचविशीतल्या मुलीचे बारा निरोगी दात! टोपीसाठी एकदा घासलेला दात पूर्ववत होत नाही. त्या टोप्या आयुष्यभर टिकत नाहीत, बदलाव्या लागतात, आणि घासल्यामुळे काही दातांची नस पुढे मरू शकते. आम्ही उपचारांचा लेखी तपशील मागून घेतला आणि घरी आलो.

दुसरे मत नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात घेतले. तेथील डॉक्टरांनी सांगितले, की मुलीचे दात मजबूत आहेत, डाग वरच्या थरातच आहेत. सौम्य आम्ल आणि बारीक खर यांनी दंतवल्काचा अगदी पातळ थर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायचा, मग हलके ब्लीचिंग, आणि जेथे खड्डा उरेल तेथे दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरायचे. कमीत कमी दात खर्ची घालणारा उपाय आधी, व्हिनीअर किंवा टोपी सर्वांत शेवटी, असा त्यांचा क्रम होता. येथे लिंबाविषयी मी वर जे लिहिले त्याशी विरोध वाटेल. पण मोजून, एकदाच, हिरड्या झाकून केलेले काम आणि रोज सकाळी केलेले चोळणे यांत अंतर आहे.

भाची मात्र तेव्हा तयार झाली नाही. "मामा, आधी या दातांसकट कोणीतरी हो म्हणू दे. मग माझ्या मनाने करीन." पुढच्या स्थळाला तिने पहिल्याच भेटीत सांगितले, हे आमच्या विहिरीच्या पाण्याचे डाग आहेत. मुलगा रसायनशास्त्राचा, त्याने फ्लोराइडचे प्रमाण किती होते ते विचारले. लग्न ठरले, झाले, आणि त्यानंतर चार खेपांत तिने उपचार पूर्ण केले. निरखून पाहिले तर फिकट रेघा अजून दिसतात.

भाच्याला आता मुलगी आहे. तिच्या जन्माच्या आधीच घरात आरओ बसले आणि परसातल्या विहिरीचे पाणी केवळ धुण्याभांड्याला उरले. शाळेच्या डब्याबरोबर तिची पाण्याची बाटली रोज घरूनच जाते. तिला सहावे लागले आहे आणि खालचा पुढचा एक दात हलू लागला आहे. माझी बहीण दर रविवारी फोनवर मला त्या दाताची बातमी देते.